कोपर आपलं, तार नदालची

शहरातल्या कुठल्याही हौशी टेनिसपटूला रॅकेट कोणती म्हणून विचारा. कंपनी, मॉडेल, ग्रॅममधलं वजन, बोस्टनच्या मेव्हण्याने ती कोणत्या सेलमध्ये उचलली, सगळं तोंडपाठ. मग विचारा, तार कोणती? साहेब आभाळाकडे बघतात. "दुकानदाराने घातली ती. पिवळी आहे. बहुतेक."

वीस हजारांची फ्रेम, आणि चेंडूला प्रत्यक्ष जे लागतं त्याचा फक्त रंग ठाऊक. तोही बहुतेक. वास्तविक चेंडू फ्रेमला लागला तर समोरचा फिदीफिदी हसतो. म्हणजे जिच्यावर एवढे पैसे ओतले, तिने चेंडूपासून लांब राहायचं एवढीच तिच्याकडून अपेक्षा. सगळी मेहनत तारांची. चेंडू त्यांच्यावर टेकून असतो जेमतेम सेकंदाचा दोनशेवा भाग. वेग, दिशा, स्पिन जे काय व्हायचं ते तेवढ्यात होऊन जातं. हाताला बसलेला झटका मेंदूपर्यंत पोचतो तेव्हा चेंडू जाळीकडे निघालेला असतो. चहाच्या टपरीवर तासभर ज्याची चर्चा रंगते तो 'फील' म्हणजे चेंडू गेल्यानंतरची बातमी.

आणि या तारेची खरेदी कशी होते? निराला बाजार ते उस्मानपुरा, कुठल्याही क्रीडासाहित्याच्या दुकानाबाहेर पाच मिनिटं उभे राहा.

"काका, गटिंग कोणतं टाकू?"

"चांगलं टाक रे."

"नदालवालं टाकू का?"

"नदालवालं आहे?" काकांचा आवाज तीस वर्षांनी तरुण होतो.

"आहे ना. काळं. लई कडक."

"तुटत नाही ना लवकर?"

"कामून तुटंल?"

झाला सौदा. काकांची पन्नाशी उलटलेली, साखरेची गोळी चालू, आठवड्यातून तीनदा डबल्स. या सौद्यात तारेचे दोन गुण सांगितले गेले. ती कडक आहे आणि ती तुटत नाही. काकांच्या दृष्टीने हे दोन्ही अवगुण आहेत, हे त्यांना अस्थिरोगतज्ज्ञ सांगणार. फी घेऊन.

आधी त्या नदालवालीची ओळख करून घेऊ. बाबोला कंपनीची आरपीएम ब्लास्ट. पॉलिएस्टरची, काळी, अष्टकोनी. नदाल ती १.३५ मिलिमीटर जाडीची घेई आणि साधारण ५५ पौंडांवर ओढून घेई. त्याचा फोरहँड मिनिटाला सरासरी ३२०० फेऱ्यांनी फिरत असल्याचं मोजलं गेलं होतं. आमच्या काकांचा किती फिरतो हे कुणी मोजलेलं नाही. समोरचे साठीचे काका तो आरामात परत मारतात, एवढा पुरावा पुरे.

आता पॉली काय करते ते बघा. पॉली ताठ असते. नॅचरल गट या जुन्या, मवाळ तारेच्या मानाने साधारण दुप्पट ताठ, काही जाती त्याहून जास्त. चेंडू आदळला की ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे चेंडूला फुकटचा जोर देत नाही. जो अंगातली सगळी ताकद लावून रॅकेट फिरवतो, त्याच्या हे पथ्यावर पडतं. त्याने कितीही झोडपलं तरी चेंडू रेषेच्या आत पडतो. यालाच कंट्रोल म्हणतात. पण जो हळूहळू, जपून, चेंडू जाळीपलीकडे नीट पोचवण्याच्या बेताने मारतो, त्याला ही तार काय देणार? जोर नाही, स्पिन नाही. तिच्याकडे द्यायला उरतो फक्त झटका. तो ती इमानेइतबारे कोपरापर्यंत पोचवते.

स्पिनबद्दल तर आपल्याकडे थोर गैरसमज. तार खरखरीत हवी, म्हणजे ती चेंडूला पकडते आणि फिरवते, असं सगळेच सांगतात. हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी वेगळंच दाखवलं. रॅकेट चेंडूला घासत वर गेली की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत सटकन जागेवर परत येतात. येता येता चेंडूला जादा फेरी देऊन जातात. त्यासाठी तारा एकमेकींवरून घसरल्या पाहिजेत. म्हणजे गुळगुळीत हव्यात. पॉली गुळगुळीत आणि ताठ, म्हणून पॉलीला स्पिन जास्त. पण त्या तारा सरकवण्याइतकी रॅकेट आधी जोरात फिरली पाहिजे. ती फिरवणं दुकानात मिळत नाही.

हे सरकणं किती प्रभावी असतं याचा धडा टेनिसने १९७७ सालीच घेतला होता. वेर्नर फिशर नावाच्या जर्मन गृहस्थाने उभ्या तारांचे दोन थर, मध्ये नळ्या आणि दोरे असलं काहीतरी विणून एक रॅकेट तयार केली. लोकांनी तिला 'स्पॅगेटी' म्हटलं. चेंडू कसा उडेल हे मारणाऱ्यालाही सांगता येईना. त्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या स्पर्धेत इली नस्तासेने ही रॅकेट घेऊन गिलेर्मो विलासला दोन सेट असे छळले की विलासने रागाने सामनाच सोडला. मातीवर सलग ५३ सामने जिंकलेला माणूस तारांना शरण गेला. मग आंतरराष्ट्रीय महासंघ जागा झाला. त्याने आधी बंदी घातली आणि १९७८ साली रॅकेट म्हणजे काय याची पहिल्यांदा व्याख्या केली. खेळ सुरू होऊन शंभर वर्षं झाल्यावर. सरकारी कामाला दोष द्यायची आपल्याला फार घाई असते.

पॉलीला प्रतिष्ठा मिळाली ती १९९७ मध्ये. पॅरिसला ६६व्या क्रमांकाचा गुस्ताव्हो कुएर्तेन, ज्याने तोवर मोठ्या दौऱ्यावर एकेरीची एकही स्पर्धा जिंकली नव्हती, तो थेट फ्रेंच ओपन घेऊन गेला. हातात बेल्जियमच्या लक्सिलॉनची पॉली. पुढच्या दहा वर्षांत सगळं लॉकर रूम पॉलीमय झालं. त्यानंतरच्या दहा वर्षांत आमचे काका.

मधला तपशील गळला तो असा. हे व्यावसायिक खेळाडू दर सामन्याला ताज्या तारा घेऊन उतरतात. नवे चेंडू आले की अनेक जण रॅकेटही बदलतात, म्हणजे पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर. त्यांच्या पॉलीला म्हातारपण बघायला मिळतच नाही. काकांची पॉली मागच्या दिवाळीची आहे. काही जणांची मागच्या निवडणुकीची.

पॉलीचं दुखणं हे की ती तुटण्याआधी मरते. पंधरा-वीस तास खेळलं की तिचा ताण उतरतो, लवचिकपणा जातो, आणि उरतो नुसता ताठरपणा. चेंडू कुठेही जातो आणि हात दुखतो. दिसायला मात्र ती जशीच्या तशी, काळी कुळकुळीत. मल्टिफिलामेंटचं तसं नाही. ती शेकडो बारीक धाग्यांची असते. म्हातारी झाली की तिचे केस पिंजारतात, ती तुटते, बदला म्हणून सांगते. आपल्या हळू हाताला पॉली तुटता तुटत नाही, आणि आपण तिला टिकाऊ म्हणून शाबासकी देतो.

घरच्या घरी पोस्टमॉर्टेम करता येतं. रॅकेट हातात घ्या. मधली एक उभी तार अंगठ्याने बाजूला सारा आणि सोडा. टक्कन जागेवर आली तर जिवंत. जिथे सारली तिथेच बसून राहिली तर तिचा तेरावा कधीच होऊन गेला. मग वाकून नीट बघा. उभी आणि आडवी तार जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे करवतीने कापल्यासारख्या खाचा दिसतील. त्यात आपल्या रस्त्यांवरची धूळ बसलेली असते. हे शहर रोज प्रत्येकाच्या रॅकेटवर मोफत पॉलिशपेपर फिरवतं.

किती दिवसांनी तार बदलावी याचा जगभर चालणारा ठोकताळा आहे. आठवड्यातून जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षातून बदला. आपला ठोकताळा त्याहून सोपा. तुटेल तेव्हा. मोटारसायकलचं ऑइल वेळेवर बदलणारा, त्याची तारीख डायरीत लिहिणारा वाळूज एमआयडीसीतला इंजिनिअरसुद्धा रॅकेटच्या बाबतीत एकदम आध्यात्मिक होतो. जे जेव्हा जायचं ते तेव्हा जाईल.

मग येतो पौंडांचा पराक्रम. "तुम्ही कितीवर खेळता?" "आपण साठ!" दंडाचं माप सांगावं तसं सांगतात. बोर्ग ऐंशीच्या आसपास ओढून घ्यायचा, त्याच्या हॉटेलच्या खोलीत रात्री तारा आपोआप तटातट तुटायच्या, हाही दाखला दिला जातो. सॅम्प्रास पंचाहत्तरच्या आसपास खेळायचा, तोही. पण बोर्गची लाकडी रॅकेट होती, छोटं तोंड होतं, आणि या दोघांच्याही तारा नॅचरल गटच्या होत्या. गटचे पंचाहत्तर पौंड पॉलीवर घातले तर रॅकेटऐवजी पाटा घेऊन खेळल्याचं सुख मिळेल.

त्यात गंमत म्हणजे आकडा समजतो तसा चालतच नाही. जास्त पौंड म्हणजे जास्त ताकद असा लोकांचा हिशेब. आहे उलट. तारा सैल, तर त्या जास्त दबतात आणि चेंडूला जास्त परत देतात. घट्ट, तर कमी. फरकही किती? दहा पौंड कमी-जास्त केले तरी चेंडूच्या वेगात एखाद टक्का. जाणवतो तो फरक चेंडू किती वरून सुटतो आणि किती खोल पडतो याचा. आणि कोपराला किती बसतं याचा. रॅकेटच्या दांड्यावर बारीक अक्षरांत कंपनीने पन्नास ते साठ असं काहीसं छापलेलं असतं. ते वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावून कोर्टावर कुणी दिसायला तयार नसतं.

तारांत एक रबरी बिल्ला अडकवलेला असतो, डॅम्पनर. तो घातला की हात दुखत नाही म्हणे. डॅम्पनर तारांचा टणत्कार बंद करतो, बस. कोपराला जो त्रास होतो तो आदळण्याच्या झटक्याचा आणि फ्रेमच्या थरथरीचा, आणि त्या दोन्हींना या बिल्ल्याची गंधवार्ता नसते. नियमाप्रमाणे तो तारांच्या विणीबाहेरच लावायचा असतो. आगासी साधं रबरबँड गाठ मारून लावायचा. म्हणजे शंभर रुपयांचा स्मायली आणि भाजीच्या जुडीचं रबर, औषध म्हणून दोघांची किंमत सारखीच. शून्य.

कोपराची गोष्ट निघालीच आहे तर सांगून टाकू. महाराष्ट्राला टेनिस एल्बो कळला तो टेनिसमुळे नाही. २००४ साली सचिनचं कोपर धरलं आणि मे २००५ मध्ये लंडनला त्यावर शस्त्रक्रिया झाली. तेवढ्या काळात आजीपासून नातवापर्यंत घरोघरी अस्थितज्ज्ञ तयार झाले. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथली दोरी झिजते. किल्ली फिरवताना, चहाचा कप उचलताना कळ येते. हा आजार होणाऱ्यांत टेनिस खेळणारे थोडेच असतात. बाकी सगळे सुतार, रंगारी, प्लंबर आणि चादरी पिळणाऱ्या बायका. आमच्या शहरात तर काही भागांत आठ-आठ दिवसांनी नळ येतो. त्या रात्री पाइप ओढा, मोटार लावा, बादल्या हंडे वर न्या. कोपर बिचारं निम्मं तिथेच खर्ची पडतं. उरलेलं निम्मं सकाळी सहाला कोर्टावर जातं, आणि तिथे त्याची गाठ काळ्या पॉलीशी पडते. मग महिनाभर फिजिओथेरपी, कोपराला पट्टा, आणि सगळ्यांना उत्तर एकच, "सर्व्हिस करताना झटका बसला." तारेचं नाव एफआयआरमध्ये येतच नाही.

मोठ्यांचं जाऊ द्या, ते आपल्या कर्माने दुखणं घेतात. पोरांचं काय? गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात, एमजीएमच्या परिसरात, संध्याकाळी पोरं खेळताना बघा. आठ-दहा वर्षांची चिमुरडी, तिच्या पाठीवर सहा रॅकेटची बॅग, आणि जाळीबाहेर खुर्ची टाकून बसलेले पिताश्री. पिताश्रींनी यूट्यूबवर सगळं बघून ठेवलंय. अल्काराझ पूर्ण पॉलीवर खेळतो ना? मग आपल्या बाळीलाही पूर्ण पॉली. लहान मुलांचं कोपर अजून वाढतं आहे. जगभर त्यांना लाल, नारिंगी, हिरवे मऊ चेंडू देतात. आम्ही मऊ चेंडू देतो आणि वर ताठ तार ओढून त्यांची सगळी मऊशार सोय परत काढून घेतो. कुठल्याही जाणत्या कोचला विचारा. जो मुलगा साध्या सिंथेटिक गटच्या तारा वरचेवर तोडत नाही, त्याला पॉलीची गरज नाही. तोडायला लागला की पेढे वाटा आणि मग विचार करा.

जाता जाता एक शंका. आपल्या ऋतुजा भोसलेने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. महाराष्ट्राची पोरगी, आशियाई सोनं. दुकानात जाऊन "ऋतुजावाली तार आहे का?" असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. आमचं दैवत नदालच्या मायोर्काचंच लागतं.

मग हातापुरतं चांगलं असतं तरी काय? सर्वांत मवाळ नॅचरल गट. हाताला सुख, चेंडूला जोर आणि ताण धरून ठेवण्यात पहिला नंबर. १८७५ साली फ्रान्समधल्या लियों शहरात बाबोलाने तंतुवाद्यांच्या तारा करता करता टेनिससाठी ही तार वळायला घेतली, तेव्हापासून दीडशे वर्षं तिला तोड सापडलेली नाही. ती गाईच्या आतड्याच्या बारीक पापुद्र्यांपासून होते. हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही, असा सामंजस्य करार आहे. महाग तर इतकी की एका संचाच्या किमतीत पॉलीचे तीन-चार यावेत. ओल तिला सोसत नाही, कोरड्या हवेत ती टिकते. मराठवाड्याच्या कोरडेपणाचा हा एक फायदा, तोही ज्यांना परवडतो त्यांच्यापुरता.

ज्यांना पैसा किंवा गाय यांपैकी काही आड येतं, त्यांच्यासाठी मल्टिफिलामेंट. गटची नक्कल, पण प्रामाणिक नक्कल. हाताला मऊ, जोर बरा, मध्यम किंमत. त्याखाली सिंथेटिक गट, म्हणजे नायलॉनचा एक गाभा आणि वर वेष्टण. स्वस्त, सर्वगुणसाधारण, शिकणाऱ्याला उत्तम. या दोन्हींत भपका नाही, म्हणून काउंटरवर त्या मागच्या फळीवर असतात.

राहिलं हायब्रिड, म्हणजे उभ्या तारा एका जातीच्या आणि आडव्या दुसऱ्या. मिश्र विणीचं कौतुक या शहराला बाहेरून शिकायला नको. सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा घालून इथल्या विणकरांनी हिमरू काढली आणि नुसत्या रेशमाच्या खर्चाशिवाय रेशमाचा थाट दिला. फेडरर आणि जोकोविच यांनी तेच केलं. उभं गट, आडवी पॉली. अँडी मरेने उलट, उभी पॉली आणि आडवं गट. रॅकेटचा स्वभाव उभ्या तारा ठरवतात, म्हणून फेडररच्या रॅकेटला गटचं सुख आणि पॉलीचा लगाम, तर मरेच्या रॅकेटला पॉलीचा स्वभाव आणि गटचा उतारा. पण हिमरूच्या विणकराला रेशीम कुठे चाललंय आणि सूत कुठे चाललंय हे माहीत असतं. आमच्याकडच्या हायब्रिडची व्याख्या वेगळी. परवाच्या गिऱ्हाइकाची उरलेली सहा मीटर आणि कालच्या गिऱ्हाइकाची उरलेली सहा मीटर. संचाची लांबी बारा मीटर असते, हिशेब चोख बसतो.

आता गटिंग करणाऱ्याबद्दल. त्याच्यावर राग काढायचं कारण नाही. त्याच्याकडे दिवसभर येतात त्या बॅडमिंटनच्या रॅकेट, पंचवीस-सव्वीस पौंडांच्या. टेनिसची एखादी आली तर आली. तरी त्याचं काम बघण्यासारखं असतं. जुन्या तारा तो मधून बाहेरच्या दिशेने कापत जातो, म्हणजे फ्रेमवरचा ताण एका अंगाला राहून ती वाकडी होत नाही. मग फ्रेम मशिनवर आवळतो. मधल्या दोन उभ्या तारा पहिल्यांदा, मग डावी-उजवी, डावी-उजवी. प्रत्येक तार ओढली की चिमटा लावायचा, मग पुढची. उभ्या झाल्या की आडवी तार एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, बोटांच्या पेरांनी सरकवत न्यायची. नीट बघितलं तर त्याच्या तर्जनीला घट्टा पडलेला दिसतो. शेवटी गाठ, आणि टोकं कटरने साफ. हातखंडा माणूस असला तरी अर्धा तास ते पाऊण तास जातो. आणि बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवत असतं, "झालं का रे?"

त्याची चूक असलीच तर एक. तो विचारत नाही. म्हणजे विचारतो, पण "कितना टेन्शन रखूँ अंकल?" एवढंच. आणि अंकल, ज्यांनी घर घेताना बिल्डरला सिमेंटचा ग्रेड विचारला होता, ते इथे म्हणतात, "नेहमीचं ठेव." नेहमीचं किती, दोघांनाही ठाऊक नसतं. मशिन शेवटचं कधी तपासलं, हा प्रश्न तर विचारायला लाज वाटते. पन्नास सांगितले तर मशिन सत्तेचाळीस ओढतं की त्रेपन्न, हे त्यालाच माहीत. शिवाय पन्नासवर ओढून आणलेली रॅकेट मे महिन्यात दुपारभर जालना रोडवर उभ्या गाडीच्या डिकीत भाजली की आकडा आपोआप उतरतो. संध्याकाळी साहेब शेजाऱ्याला सांगतात, "गटिंग बरोबर झालं नाही."

तेव्हा मंडळी, फुकटचा सल्ला घ्या, फी लागणार नाही. चाळिशी उलटली असेल, कोपर किंवा खांदा कधीतरी कुरकुरला असेल, तर मल्टिफिलामेंट घ्या. रॅकेटवर जो आकडा छापलाय त्याच्या खालच्या बाजूने सुरुवात करा. चेंडू मैदानाबाहेर जाऊ लागला तर दोन पौंड वाढवा, आधीच दहा नको. हात तरुण आहे, रॅकेट जोरात फिरते, तारा पंधरा दिवसांत तुटतात, तर पॉली जरूर घ्या, पण मल्टीपेक्षा पाच-दहा टक्के कमी पौंडांवर, आणि तुटायची वाट न बघता बदला. स्पिनचा मोह फारच असेल तर सोळा बाय एकोणीसची मोकळी वीण घ्या, अठरा बाय वीसची दाट नको. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हेही लक्षात ठेवा. सोळा गेज साधारण १.३० मिलिमीटर, सतरा गेज १.२५. बारीक तार हाताला गोड लागते आणि लवकर तुटते. लेकराच्या रॅकेटला पॉली नको म्हणजे नको. कोच म्हणाला तरी एकदा त्याला कारण विचारा.

आणि दुकानात तीन वाक्यं बोला. पाकीट माझ्यासमोर फोड. किती पौंड ते आकड्यात सांग. तारीख, तार आणि पौंड कागदावर लिहून दांड्याला चिकटव. दुकानदार तुमच्याकडे चमकून बघेल. बघू द्या. त्याला सवय लागेल.

टेनिसमध्ये कम्फर्ट, कंट्रोल आणि स्पिन अशी तीन सुखं सांगतात. आपल्यासारख्यांनी ती याच क्रमाने घ्यावीत. नदालने उलट्या क्रमाने घेतली, पण त्याने बावीस ग्रँड स्लॅमही घेतली. तुमची किती झाली ते आधी मोजा, मग काळी तार मागा.